शांत मुलांचे गुण

धाकटीला त्या नोकरीत चिकटवलं ते थोरलीनेच. मानसशास्त्र विभागात लहान मुलांच्या अभ्यासासाठी आणखी एक निरीक्षक हवी होती, धाकटीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि आई फोनवर सारखी विचारत होती, "तुझ्या तिथे काही होतंय का बघ ना तिचं. तू आहेस म्हणून मला घोर नाही." थोरलीने अभ्यास चालवणाऱ्या मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी धाकटीला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि थोड्याच वेळात दोघी हसत हसत बाहेर आल्या. थोरलीला घेताना याच मॅडमनी तिची लेखी परीक्षा घेतली होती आणि निकाल कळवायला महिना लावला होता. ते तिला नेमकं तेव्हा आठवलं, आणि आठवलं याची लाजही वाटली. लाज वाटली म्हणून तिने धाकटीला कॅन्टीनमध्ये नेऊन आइस्क्रीम खायला घातलं. धाकटीने दोन खाल्ली.

काम असं होतं. तळमजल्यावर एक खोली होती. एका भिंतीला मोठा आरसा, आरशामागे कॅमेरा, जमिनीवर गालिचा, बुटकं टेबल आणि थोडी खेळणी. तिथे एखादी आई आपली दोन मुलं घेऊन यायची, एक चार-पाच वर्षांचं आणि एक नुकतं बसायला लागलेलं. घंटा झाली की आईने धाकट्याला मांडीवर घ्यायचं, त्याला चित्रांचं पुस्तक दाखवत बसायचं आणि दुसरी घंटा होईपर्यंत मोठ्याकडे मान वर करून बघायचं नाही, असं तिला आधी सांगितलेलं असे. मोठं मूल तेवढ्या वेळात काय करतं ते कॅमेरा टिपायचा. मग निरीक्षकांनी ती क्लिप बघून मुलाला एक ते पाच गुण द्यायचे. एक म्हणजे मत्सराचा मागमूस नाही, पाच म्हणजे पोर पेटलेलं.

निरीक्षकांची खोली वरच्या मजल्यावर होती. प्लायवूडचं पार्टिशन घालून तिचे दोन भाग केले होते. एकेका भागात एक पडदा, एक खुर्ची आणि एक हेडफोन. एकीने काय दिलं ते दुसरीला कळता कामा नये आणि तरीही दोघींचे गुण जुळले पाहिजेत, हा या कामाचा पाया. एकाच पोराला एकीने दोन आणि दुसरीने पाच दिले, तर ते मोजमाप कसलं, ती लॉटरी झाली. या जुळण्याला विभागात सगळे रिलायबिलिटी म्हणत आणि दर आठवड्याला तिचा आकडा निघे. दुसरा प्रश्न व्हॅलिडिटीचा. आपण जे मोजतोय म्हणतो तेच मोजतोय ना, की भलतंच काही? त्याचं उत्तर सावकाश मिळणार होतं, मुलांच्या घरी जाऊन आयांशी बोलणं झाल्यावर.

थोरली विभागात जुनी होती. या अभ्यासाच्या सुरुवातीच्या क्लिपा तिने एकटीने बघितल्या होत्या, आणि तिच्या नजरेवर मॅडमचा भरवसा होता. निदान तिचा तसा समज होता.

धाकटी आल्यावर पहिला आकडा निघाला तो अगदीच केविलवाणा. आकडेवारी बघणारे सर तो कागद घेऊन आले. ते दर वाक्यात सरासरी काढायचे म्हणून त्यांच्या मागे सगळे त्यांना सरासरी सर म्हणत. "सरासरी बरी दिसते," ते म्हणाले, "पण शांत मुलं आली की तुम्हा दोघींची तोंडं दोन दिशांना."

मॅडमनी एक क्लिप सगळ्यांसमोर लावली. लाल स्वेटरचा मुलगा. आईने बाळाला मांडीवर घेतलं तसा तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग टेबलावरचा कापडी ससा उचलून त्याने बाळाच्या हातात दिला आणि आपल्या जागी येऊन बसला. धाकटीने त्याला एक दिला होता, थोरलीने चार.

"चार कशाबद्दल?" मॅडमनी विचारलं.

"तो फार शांत आहे, मॅडम."

"शांत असणं हा गुन्हा आहे का?" मॅडम म्हणाल्या. सरासरी सर हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आपल्या नियमांत काय लिहिलंय? आईला ओढणं, रडणं, हिसकावणं, मारणं. यातलं काय केलं त्याने?"

"काही नाही."

"मग? मनातलं ओळखायला आपण ज्योतिषी नाही."

"किती गोड देतोय तो," धाकटी हळूच म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा निवळला. "बघ. हिला जे समोर आहे ते दिसतं. ताजी नजर आहे. तू थोडे दिवस हिच्याबरोबर बसून सराव कर, म्हणजे तुझं हे मुलांच्या मनातलं जास्तीचं वाचणं कमी होईल."

मॅडम ते सहज बोलल्या आणि विसरूनही गेल्या. थोरली विसरली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण तिने आजवर हजारदा ऐकली होती, पण ते तिखट डोळ्यांत जातं तेव्हा कसं वाटतं हे तिला त्या दिवशी कळलं. धाकटीला बिचारीला काही पत्ताच नव्हता. जिना उतरताना ती म्हणाली, "ताई, मॅडम किती छान समजावून सांगतात ना?" थोरली म्हणाली, "हो." तेवढा एक शब्द काढायला तिला केवढं बळ लागलं.

दोघी एकाच घरात राहायच्या, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथेही तेच. घरमालकीण इतकी वर्षं थोरलीला 'वरच्या मजल्यावरची' म्हणत आली होती. धाकटीला ती महिनाभरात 'बाळा' म्हणू लागली आणि तिच्यासाठी खालून गरम गरम काहीबाही पाठवू लागली. धाकटी ओला टॉवेल पलंगावर टाकायची, दिवे चालू ठेवून निघून जायची, गाणी म्हणायची, तीही अर्धवट, आणि तरी ती घरात असली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. थोरली असली की घर आवरलेलं असायचं, एवढंच. आईचा फोन आला की आधी धाकटीची चौकशी. "ती सांगत होती, मॅडम फार कौतुक करतात म्हणे. तू जरा तिच्याकडे बघ हं. दमत असेल गं." थोरली बघते म्हणायची. तिने दुसरं काय म्हणायचं? लहानपणापासून तिला तेवढंच बोलायला शिकवलं होतं.

सराव सुरू झाला. धाकटी शेजारी बसून समजावून सांगायची, "बघ ना ताई, तो रडला नाही, ओढलं नाही, मग एक." थोरलीला राग यायचा, आणि रागाहून मोठी जिद्द यायची. जुळवायचंच आहे ना तुम्हाला? मग असं जुळवून दाखवते की बघत राहाल. ती आपल्या जागी परतली आणि तिने मुलांकडे बघणं सोडून दिलं. क्लिप सुरू झाली की ती एकच विचारायची, छोटी काय देईल?

ते ओळखणं अवघड नव्हतं. बहीणच होती ती. शिवाय धाकटीला एक सवय होती. एखादं मूल बाळाशी प्रेमाने वागलं की तिच्या तोंडून बारीकसा 'अगं' निघायचा. तिच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे तिला स्वतःला तो ऐकू यायचा नाही. थोरलीने आपला हेडफोन एका कानावरून सरकवला. पार्टिशन पातळ होतं. पलीकडे 'अगं' झालं की इकडे एक. पलीकडची खुर्ची करकरली की तीन नाहीतर चार. पुढे पुढे ऐकायचीही गरज उरली नाही. धाकटीची नजर तिच्या डोळ्यांत जाऊन बसली आणि तिची स्वतःची कुठेतरी मागच्या खोलीत.

आकडा चढत गेला. एवढं जुळणं आपण पूर्वी कधी पाहिलं नाही, असं सरासरी सरसुद्धा म्हणाले. बाहेरून पाहुणे आले तेव्हा मॅडमनी केक मागवला आणि दोघींना पुढे बोलावलं. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, इतकी एकवाक्यता कशी साधली? मॅडम धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सगळं श्रेय हिचं. हिने आपल्या मोठ्या बहिणीला तयार केलं." सगळ्यांना गंमत वाटली. थोरलीही हसली. केकचा तुकडा तिने कागदाच्या बशीत तसाच ठेवला आणि बशी खिडकीत ठेवून दिली. इतके दिवस ती जिंकायला म्हणून जुळवत होती. जुळलं खरं, पण विजय पलीकडच्या खुर्चीच्या पदरात पडला होता. ती जाऊन जिन्यात उभी राहिली.

त्यानंतर सरासरी सरांनी एक नेहमीची तपासणी काढली. निरीक्षकाची नजर काळाबरोबर सरकत नाही ना, हे बघायला तिच्याच जुन्या क्लिपा तिला पुन्हा दाखवतात, आधी काय दिलं होतं ते न सांगता. थोरलीला तिने एकटीने बघितलेल्या सुरुवातीच्या क्लिपा मिळाल्या. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. शांत मुलांना पुन्हा चार दिले तर ते धाकटीबरोबर दिलेल्या गुणांशी जुळणार नाहीत, एक दिला तर स्वतःच्याच जुन्या गुणांशी. तिने धाकटीच्या डोळ्यांनी बघून ते काम संपवलं आणि दिलं.

थोड्या दिवसांनी सरांनी तिला मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं. ते चष्मा पुसत होते, म्हणजे बातमी वाईट होती.

"ताई, तुमचं बहिणीशी उत्तम जमतं," ते म्हणाले. "पण तुमचं तुमच्याशीच जमत नाही. शांत मुलांना आधी चार दिलेत, आता एक."

"नियम नंतर नीट समजले," थोरली म्हणाली.

"असेल. पण दुसरंही आहे." त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी डोळे मिटून कपाळ चोळलं. "घरच्या मुलाखती आल्यात. ज्या शांत मुलांना तुम्ही दोघींनी एक दिला, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आया सांगतात, हे पोर बाळाला कुणी नसताना चिमटे काढतं. एकाने बाळाची दुधाची बाटली कपाटामागे टाकली. एक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय. आपले गुण आणि घरची हकिकत यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. दोन साक्षीदार एकच बोलले म्हणून मी खूश होते. दोघी एकाच खिडकीतून बघत होतात, हे माझ्या लक्षात आलं नाही." त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "तुझे पहिले गुण मात्र घराच्या बरेच जवळ आहेत. तू का बदललंस?"

थोरलीला खरं सांगता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही. पण मॅडम तिच्याकडे बघत होत्या, कितीतरी दिवसांनी नीट, तिच्याकडेच, आणि त्या बघण्यात पश्चात्ताप होता. ते सुख तिला सोडवेना.

"मला बदलायला सांगितलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "छोटीच्या नजरेने बघ म्हणून."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते जास्त सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीला पडद्यासमोरून उठवलं. मॅडम प्रेमानेच बोलल्या, नजर अजून तयार व्हायचीय, थोडे दिवस टायपिंग कर. धाकटी मान हलवत होती, आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता, रडू आवरताना लहानपणी व्हायचा तसा. थोरलीने ते पार्टिशनच्या कडेने पाहिलं. दोन-तीन दिवस तिचं पाऊल हलकं पडत होतं. जेवण चवीचं लागलं. आईच्या फोनवर तिने आपणहून सांगितलं, "छोटीला जरा बाजूला केलंय, चुका होत होत्या तिच्या."  आई म्हणाली, "तू होतीस ना तिथे?" झालं. फोन ठेवला तेव्हा सगळी चव गेलेली होती.

धाकटी भांडेल अशी थोरलीची अपेक्षा होती, तयारीही होती. भांडण सोपं गेलं असतं. पण एका दुपारी बाकीचे चहाला गेलेले असताना धाकटी वर आली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ताई, मला शिकव ना. सर म्हणाले, तुला आधीपासून बरोबर दिसत होतं. मला का दिसत नाही?"

थोरलीने एक क्लिप लावली. दोन वेण्यांची मुलगी होती. तिने लाकडी घोडा उचलला, बाळापुढे धरला, दिला आणि मागे सरकली.

"आता बघ. दिल्यावर कुणाकडे बघते?"

"आईकडे."

"बाळाने घोडा धरला की पाडला, तिने पाहिलंच नाही. आणि हा हात बघ. रिकामा आहे, पण मूठ आवळलेली आहे."

धाकटीने क्लिप मागे घेऊन पुन्हा पाहिली. "खरंच की. तुला हे कसं सुचतं?"

"सुचत नाही. माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मी करायचे."

पडद्यावर मुलगी मूठ आवळून थांबली होती. धाकटीला कळायला वेळ लागला नाही, तरी तिने विचारलं, "कुणाशी?"

"छोटे, मला आणखी कोण होतं?"

खाली कुणीतरी दार आपटलं.  धाकटी म्हणाली, "तू मला तुझी बाहुली दिली होतीस. निळ्या डोळ्यांची. मी अजून सगळ्यांना सांगते, माझ्या ताईकडे एकच बाहुली होती, ती तिने मला दिली."

"आई दारात उभी होती."

"म्हणून दिलीस?"

"म्हणून दिली. आई म्हणाली, किती गुणाची गं माझी पोर. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. तू आल्यावर दुसरं काही मिळण्यासारखं उरलंच नव्हतं."

"आणि मी..." धाकटीने क्लिप बंद केली.  "मी या सगळ्या शांत मुलांना एक का दिला, माहितीय? मला त्यांच्यात तू दिसायचीस. मला वाटायचं, मोठी भावंडं अशीच असतात. देतात आणि गप्प बसतात. प्रेमाने."

 थोरलीने आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा उरलेलंही तिने सांगून टाकलं. हेडफोन सरकवून ठेवायची ते. 'अगं' ऐकून गुण भरायची ते. केबिनमध्ये मॅडमना काय सांगितलं आणि काय गिळलं तेही.

"म्हणजे आपलं जुळत नव्हतंच," धाकटी म्हणाली. "तू नुसती माझी नक्कल करत होतीस."

"हो."

"आणि मला उठवलं तेव्हा तुला बरं वाटलं."

"दोन दिवस."

धाकटी उठली, खुर्ची होती तिथे ठेवली आणि खाली गेली. घरी तिने एकटीचंच ताट घेतलं, जेवली, आपलं तेवढं ताट घासून पालथं घातलं. तिने आपलं ताट घासलेलं थोरलीने आजवर पाहिलं नव्हतं. टॉवेलही दोरीवर नीट पसरलेला होता. सगळं घर आवरलेलं होतं, आणि थोरलीला त्यात बसवेना.

सकाळी ती लवकर निघाली. मॅडमना काय सांगायचं, ते तिने वाटेत मनाशी पाठ केलं. ती केबिनपाशी पोचली तर दार लोटलेलं, आणि आतून धाकटीचा आवाज. "माझ्या तोंडातून आवाज निघतो, मॅडम. मला ठाऊक नव्हतं. त्यामुळे ताईचे गुण बिघडले. चूक माझीच आहे."

थोरली दारात खिळून राहिली. खरं तर तिचा जीव भरून यायला हवा होता, पण त्याच्या आधी तिच्या मनात आलं ते हेच, की प्रामाणिकपणातसुद्धा ही माझ्या पुढे. या विचाराने तिची तिलाच किळस आली. तिने दार ढकललं.

"आवाज काढणं चूक नाही, मॅडम. ऐकत मी होते. मुद्दाम."

मॅडम आळीपाळीने दोघींकडे बघत राहिल्या. सरासरी सरही तिथे बसले होते. कुणी ओरडलं नाही. सरांनी कागदावर पेन आपटत हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे दोघींनी मिळून केलेलं सगळं बाद. पुन्हा पहिल्यापासून."

"आधीचे माझे धरता येतील ना?" थोरलीने विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "ते घराशी जुळत होते."

"बरेचसे," मॅडम म्हणाल्या. "सगळे नाही. तो लाल स्वेटरचा मुलगा आठवतो? त्याला तू चार दिलेस. त्याची आई म्हणते, त्याला बाळाचं खरोखर वेड आहे. शाळेतून आला की आधी त्याच्याकडे धावतो. हिने सगळ्या शांत मुलांना एक दिला, तू सगळ्यांना चार. काही तुझ्या बाजूने निघाली, काही हिच्या. ही तुझ्याकडे बघत होती."

"आणि मी माझ्याकडे," थोरली म्हणाली.

"हो. मुलांकडे बघायला आमच्याकडे कुणी नव्हतंच. यात माझाही दोष आहे. मी आकड्यावर भाळले." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते."

दोघींनाही निरीक्षणावरून काढलं. बाहेरून तीन नवे निरीक्षक आले, एकमेकांना न ओळखणारे, आणि त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर बसवलं. नियम नव्याने लिहायचे ठरले. मूल प्रेमळ वाटतं की मत्सरी, हे आता कुणी ठरवायचं नव्हतं. दिल्यावर नजर कुठे जाते, हात उघडा की मिटलेला, बाळापासून किती लांब जाऊन बसतं, एवढंच टिपायचं. थोरलीला हाताबद्दल आणि नजरेबद्दल ठाऊक होतं. धाकटीने त्यात भर घातली की मूल बाळाच्या चेहऱ्याकडे आपण होऊन परत परत बघतं का, तेही लिहा. लाल स्वेटरचा मुलगा तसं बघत होता, आणि थोरलीला ते तेव्हा दिसलं नव्हतं. दोघी एकाच टेबलावर बसून हे लिहीत होत्या, पण धाकटी कामापुरतंच बोलायची. घरीही तसंच. आईने फोनवर विचारलं, "तुमच्यात काही झालंय का गं?" तर दोघींनी, आपापल्या वेळी, नाही म्हणून सांगितलं.

नव्या गुणांचा घरच्या हकिकतींशी मेळ बसला. दोघींच्या त्या जुळण्याइतका झळझळीत नव्हता, पण खरा होता. मॅडमनी अहवालात दोघींची नावं घातली. मग दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेने याच कामासाठी माणूस मागितलं आणि मॅडमनी धाकटीला पाठवायचं ठरवलं. "ती कुठेही रुजेल," त्या थोरलीला म्हणाल्या, "आणि तुझ्याशिवाय माझं इथलं चालणार नाही." वाक्य चांगलं होतं. थोरलीने ते घरी येईपर्यंत उलटंपालटं करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तिला त्याचा पहिलाच भाग ऐकू आला. ती पुन्हा जळली, नेहमीसारखी. फरक इतकाच, की आता ती त्याला दुसरं नाव देत नव्हती.

निघायच्या दिवशी ती बसस्टँडवर गेली. हवा बोचरी होती. धाकटीच्या अंगावर पातळ जाकीट. थोरलीने आपला लोकरीचा कोट हातावर घेतला होता. चांगला, राखाडी, स्वतःच्या पहिल्या पगारवाढीवर शिवून घेतलेला.

"हा घेऊन जा. तिकडे थंडी फार असते म्हणतात."

धाकटीने कोटाकडे पाहिलंच नाही. ती थोरलीच्या हाताकडे बघत होती.

"मनापासून देतेस?"

थोरलीने विचार केला. "अर्धा," ती म्हणाली. "मला तो फार आवडतो. आणि तू जाते आहेस, मी नाही, याचाही राग आहेच. पण तू गारठलेली मला चालणार नाही."

"आई बघत नाहीये."

"माहितीय मला."

धाकटीने कोट अंगात घातला. बाह्या लांब होत होत्या. तिने त्या दुमडल्या, खिसे चाचपले, आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं, पूर्ण नाही, ओठांच्या एका कोपऱ्यापुरतं. "हा मी परत देणार नाही हं," ती म्हणाली.

"हिवाळा संपल्यावर दे. तोपर्यंत मी जुना वापरते."

"बघू."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. धाकटी चढली, खिडकीपाशी जागा मिळाली, आणि काच सरकत नाही म्हणून तिने आतूनच काहीतरी सांगितलं. थोरलीला ऐकू आलं नाही. तिने मोठ्याने "काय?" विचारलं, तोवर बस वळली होती. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली, मग हात बगलेत घालून झपझप विभागाकडे निघाली. नव्या निरीक्षकांपैकी एकाचं तिने लिहिलेल्या उघड्या-मिटल्या हाताच्या नियमावर काही म्हणणं होतं आणि तो वाट बघत असणार होता.